खेळाच्या आतली चाल

वहिनी : अहो भाऊजी, हात किती लटपटतोय हा! पडद्यावरचा म्हणतेय, माझा नव्हे.

भाऊजी : तो लटपटायलाच हवा. तिथेच तर सगळा खेळ आहे. चकतीवरच्या विसाच्या वर आला की बटण दाबा, बाण सुटेल. आत्ता!

वहिनी : दाबलं. लागला का?

भाऊजी : एकवर लागला. विसाच्या शेजारीच बसलेला असतो तो, घात करायला.

वहिनी : पण बाण लागल्याचा ‘ठक्’ अजून छान वाजतो हं. पस्तीस वर्षांची कॅसेट! मला वाटलं, बुरशी लागली असेल.

भाऊजी : लागलीच होती. चार दिवस पुसत बसलो होतो. आठवतं ना, हा खेळ बनवताना आधी मी नुसता ‘टिक्’ केला होता. तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडलात, लाकडात काही घुसलं की शेवटी थोडा श्वास उरतो, तो कुठाय?

वहिनी : आणि हे म्हणाले, हिला लाकडाचा श्वास ऐकू येतो, माझं बोलणं मात्र ऐकू येत नाही.

भाऊजी : दादा हवा होता आज.

वहिनी : हं. बरं, आता बोलावलंत कशाला ते सांगा. नुसते बाण मारायला तुम्ही मला तीन जिने चढायला लावणार नाही.

भाऊजी : सांगतो. म्हणजे आधी ऐकवतो. हे एक बटण दाबतो. तुम्ही काही बोलू नका, फक्त ऐका.

(टीव्हीतून एक बारीक, चिरकी चाल वाजू लागते. अर्ध्या मिनिटाने थांबते.)

वहिनी : ही माझी आहे.

भाऊजी : हो.

वहिनी : खेळाच्या सुरुवातीला वाजवायला केलेली. पण तुम्ही तर म्हणाला होतात, यंत्राला झेपत नाही म्हणून.

भाऊजी : म्हणालो होतो.

वहिनी : एका वेळी एकच सूर निघतो, म्हणालात. म्हणून मी सुचवलं, दोन सूर आलटून पालटून इतके भरभर वाजवा की कानाला दोन्ही एकदम वाटतील. तर म्हणालात, करून पाहिलं, नुसती गुरगुर येते.

भाऊजी : खोटं बोललो. पहिल्याच फटक्यात वाजली होती.

वहिनी : का?

भाऊजी : खेळाची कॅसेट बाजारात आणणारे गृहस्थ आले होते ना, तेव्हा तुम्ही शाळेत शिकवायला गेला होतात. त्यांनी ती चाल तीनदा लावायला सांगितली. कुणी केली, कुठे शिकल्या, सतराशे साठ प्रश्न. मी आपला वाट बघतोय, हा माणूस आता खेळेल, मग खेळेल. शेवटी उठताना म्हणाले, खेळही ठीक आहे. एक बाण मारला नाही हो त्यांनी! आठ महिने, वहिनी. नोकरी सांभाळून, सगळ्या सुट्ट्या घालवून आठ महिने मी त्या हाताचं लटपटणं जमवत होतो.

वहिनी : म्हणून काढून टाकलीत.

भाऊजी : काढली नाही. प्रोग्राममधली ती वाजवणारी एक ओळ तेवढी पुसली; ती काल परत लिहिली. चाल आत तशीच राहिली. त्यांना सांगितलं, चालीमुळे खेळ अडकतो.

वहिनी : म्हणजे जितक्या कॅसेट विकल्या, तितक्यांत होती ती. लोकांच्या घराघरांत. मुकी.

भाऊजी : हो.

वहिनी : आणि डब्यावर माझं नाव घातलंत, ‘संगीत’ म्हणून. मी मोठ्या हौसेने तो डबा शाळेत नेला होता. एका बाईंच्या मुलाने खेळ घेतलेला होता. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, ठक्‌ठक्‌ला संगीत म्हणतात होय? मीपण हसले त्यांच्याबरोबर. काय करणार? यांना माहीत होतं हे?

भाऊजी : नाही. कळलं असतं तर दादाने मला दारात उभं केलं नसतं.

वहिनी : आणि मग आज का सांगताय?

भाऊजी : जुने खेळ जमवणारी एक मुलगी आहे. कॅसेटच्या आतलं सगळं उलगडून वाचते. परवा तिचा फोन आला. म्हणाली, आत एक चाल आहे, ती वाजत का नाही? तिला सांगण्याआधी तुम्हाला सांगावं म्हटलं.

वहिनी : म्हणजे पकडले गेलात.

भाऊजी : पकडला गेलो. नसतो गेलो तर सांगितलं असतं की नाही, ते माझं मलाच माहीत नाही.

वहिनी : पुन्हा लावा.

भाऊजी : लावतो.

वहिनी : हं. मधला भाग कच्चा आहे.

भाऊजी : मला तर सगळीच आवडते.

वहिनी : तुम्हाला काय कळतंय? ऐका ना, इथे वर चढते आणि मग पुढे काय करावं सुचत नाही, म्हणून तेच तेच घोळवत बसलेय. भाऊजी, मला राग कशाचा येतोय सांगू? कौतुकाचं जाऊ दे. हे कच्चं आहे, एवढं मला तेव्हा ऐकायला मिळालं असतं ना, तर पुढची चाल बरी केली असती. त्यापुढची आणखी बरी. मी समजले, आपल्याला यातलं काही येतच नाही. वह्या रद्दीत घातल्या. पुढे निवृत्त होईपर्यंत मुलांना दुसऱ्यांच्याच चाली शिकवल्या.

भाऊजी : वहिनी, मला माफ—

वहिनी : ते आज नका विचारू.

भाऊजी : बरं.

वहिनी : त्या मुलीला काय सांगणार आहात?

भाऊजी : जे झालं ते. माझ्या नावानिशी.

वहिनी : सांगा. पण तिला म्हणावं, आठवडाभर थांब. या चालीला जागा किती ठेवली होतीत तुम्ही?

भाऊजी : दोनशे बाईट. पण आता तसं बंधन नाही, आता हवी तेवढी—

वहिनी : नको. मधल्या चारच ओळी बदलायच्यात. तेवढ्यात बसवते मी.