कमरेवरचा डाग

नम्रता : गुरुदासआबा, नऊ दिवस ताप उतरत नाही. मलेरियाचं रक्त तपासलं, टायफॉइडचं तपासलं, काही सापडलं नाही. म्हणून डॉक्टरांनी मला पाठवलंय. अंगावर कुठे काळा डाग आहे?

गुरुदास : नाय.

यशोदा : इतक्या बेगीन ‘नाय’? अवो, सिस्टर सदरो वर करूक सांगता, सातबारो दाखवूक नाय!

गुरुदास : माका थंडी वाजता गो.

यशोदा : मगे सकाळपासून कमरेर हात दाबून कित्याक बसल्यात?

नम्रता : हात काढा, आबा. हं... हा बघा. मध्ये काळी खपली, भोवती लाल. कधीपासून?

गुरुदास : (यशोदेकडे न बघता) वीसेक दिस झाले. विडयेचो चटको तो. धामापूरच्या माळार गवत कापूक गेल्लंय, थंय एक ओढलंय.

यशोदा : विडी? गणपतीसमोर हात जोडून सोडल्यात ना तुमी?

गुरुदास : म्हणान तर डॉक्टराक सांगूक नाय! तू थंयच उभी होतस.

नम्रता : आबा, हा डाग दुखतो?

गुरुदास : नाय. तेचाच माका नवल वाटता.

नम्रता : हा विडीचा चटका नव्हेच. गवतात बारीक किडा असतो, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तो चावला की असा डाग पडतो आणि हा ताप येतो. स्क्रब टायफस म्हणतात.

गुरुदास : म्हणजे मी विडी फुकट कबूल केलंय?

नम्रता : फुकट? हा ताप छातीत उतरला तर माणूस जातो, आबा!

गुरुदास : थांब गो बाय. माझो बापूस लढायेत ब्रह्मदेशात होतो. तो सांगायचो, गवतात निजलेल्यांका काळो डाग पडायचो नि ते तापान मरायचे. माका कधी गवतार बसूक देयत नसे. आमी तेका हसायचे.

नम्रता : तोच ताप हा. तेव्हा औषध नव्हतं, आता आहे. ही गोळी आत्ता घ्या. आणि जीप बोलावलीय, दवाखान्यात राहायचं.

गुरुदास : बरो होतलंय ना?

नम्रता : वेळेत सापडलात. व्हाल.

गुरुदास : यशोदे, विडयेवरना काय भांडाचा ता आताच भांड. जीप येयपर्यंत.

यशोदा : भांडतलंय, भांडतलंय. परवा कालवणात मीठ घालूक इसारलंय, तरी तुमी गप जेवल्यात. माका तवाच भ्या वाटला.