मुशीने ठेवलेला वाटा

मंडळी, एक सांगा मला. चोर कुणाला म्हणायचं? भूक लागली म्हणून जो खातो त्याला, की पोट भरलेलं असूनही दुसऱ्याच्या ताटात हात घालतो त्याला? अहो, लगेच माना डोलवू नका! आधी आख्यान ऐका.

मालवणच्या खाली एक वाडी होती. तिथे बाबल कुबल नावाचा तांडेल, म्हणजे बोटीचा कारभारी. स्वतःची बोट, हाताखाली चार खलाशी. धंदा गळाचा. एक लांबच लांब दोर, त्याला शेकडो गळ. दर्यात सोडायचा, दोन तासांनी ओढायचा. गळाला सुरमई, कुपा! पण दर्यात मुशी, म्हणजे शार्क, असते ना! अडकलेला मासा पळणार कुठे? मुशी येते, अर्धा तोडते, अर्धा ठेवते.

आणि त्या वाडीचा रिवाज ऐका हं. मुशीने तोंड लावलेला मासा विकायचा नाही. तो दर्याने काढून ठेवलेला वाटा. तो जाणार त्या घरी, ज्या घरचा माणूस दर्यात राहिला.

तशी एक होती येसू मोंडकर. तिचा नवरा विसू बाबलच्याच बोटीवर खलाशी. हाच दोर ओढताना पाण्यात गेला, परत आला नाही. मागे म्हातारी सासू, दोन पोरी. त्या अर्ध्या माशावर चूल पेटायची, मंडळी!

आता बाबलला सुटली हाव. गळ केले दुप्पट! सकाळचा सोडलेला दोर ओढायला दुपार. मग काय, मुशींची चंगळ! वीस मासे, त्यातले बारा अर्धे! आणि हा बोटीवर थयथयाट करतोय, "चोर मेले! माझा मासो खाल्ल्यानी!"

अरे बाबल्या! पंगत तूच वाढून ठेवलीस, आणि पाहुणे जेवले म्हणून तूच बोंब मारतोस?

दोर आखूड करायचा, लवकर ओढायचा, संपलं! पण नाही. ह्याने काय केलं? सुरी काढली. दातांची फाटकी कड सरळ कापून टाकली, आणि अर्धे मासे बर्फाच्या पेटीत, विकायला! शिव शिव शिव!

येसू बंदरावर आली. टोपली रिकामी. बाबल म्हणतो, "काय करूचा गो येसू, सगळा मुशीन खाल्ल्यान."

येसू गेली पेटीपाशी. एक अर्धी सुरमई उचलली, कडेवरून बोट फिरवलं.

"बाबलभाऊ, मुशीच्या दाताची कड फाटकी असता. ही कड सुरयेची."

सगळं बंदर पेटीकडे बघतंय!

"मुशी माझ्यासाठी अर्धो मासो तरी ठेयता," ती म्हणाली. "तू तो पण ठेवलंस नाय."

सुरमई पेटीत ठेवली आणि रिकामी टोपली घेऊन घरी गेली. भीक मागितली नाही तिने!

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबल बोटीपाशी आला. चारही खलाशी वाळूवर बसलेले. उठेनात! सगळ्यांत वयस्क सावळाराम तारी म्हणाला, "तांडेला, विसू तुझ्या दोराखातर गेलो. त्याच्या पोरींका तू रिकामी टोपली दिलंस. उद्या आमी बुडालो, तर आमच्या घरच्यांका काय देतलंस?"

त्या दिवशी बोट किनाऱ्यावरच राहिली. तिसऱ्या दिवशी बाबल स्वतः माशांनी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन येसूच्या दारात उभा राहिला, तेव्हा कुठे खलाशी बोटीत चढले.

झालं आख्यान? छे! बाबलला शिव्या घालून तुम्ही सुखाने घरी जाणार होय? तसं नाही जाऊ देणार मी!

अहो, सुरी चालली तेव्हा हे चौघे बोटीवरच होते! बर्फ त्यांनीच भरला! बंदरावर तीस माणसं होती, पेटी सगळ्यांनी पाहिली. आणि बोललं कोण? जिची टोपली रिकामी ती एकटी बाई! चौघांना वाचा फुटली दुसऱ्या दिवशी, ती सुद्धा स्वतःची बायको आठवली तेव्हा!

बाबल एक असतो हो. बघणारे तीस असतात. तुम्ही त्या तिसांतले! कुणाच्या भावकीत विधवेचा वाटा कापला गेला, कुणाच्या शेजारी म्हातारीचं ताट ओढलं गेलं, आणि तुम्ही काय केलंत? बर्फ भरलात!

देवाच्या नावाचा गजर करायचाय ना आता? करू. पण आज टाळी त्यानेच वाजवावी, ज्याने तेव्हा तोंड उघडलं होतं. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवा, आणि ऐका किती थोड्या टाळ्या वाजतात ते.