वाऱ्याचा रकाना

—नाही हो साहेब, छत नाही कोसळत, बसा तुम्ही. पोरं आहेत ती. अठरा. आज दुपारपर्यंत अख्खं पाळणाघर आमच्या बैठकीच्या खोलीत आलंय, आणि पाळणाघरवाल्या ताई मला म्हणाल्या होत्या की चित्रं काढायला दिली की शांत बसतात—आता ही शांतता असेल तर गोंधळ काय असतो ते मला बघायचंच नाही. त्या खुर्चीवर नको, तिथे कुणीतरी भिजलेलं बिस्किट ठेवलंय. ही घ्या. तुमच्या कोपराला निळा खडू लागलाय, काही नाही, निघतो तो. मेणाचा आहे—नाही निघत, खरं सांगायचं तर, पण शोभतोय तुम्हाला.

तर तुमचा प्रश्न. गेल्या हंगामात खालच्या वस्तीच्या वरचा उतार जाळायच्या पाच तारखा ठरल्या, पाचही रद्द झाल्या, पाचही कागदांवर सही माझी, आणि मुख्य कार्यालयानं तुम्हाला एवढ्या लांब पाठवलंय ते फक्त 'का' हे विचारायला. बरोबर ना? उत्तर सोपं आहे. वारा. बघा ना, सहावा रकाना—चौदा, पंधरा, चौदा, तेरा, सोळा. ताशी बारा किलोमीटरच्या वर वारा असला की काडी लावायची नाही हा नियम, आणि तो काही मी केलेला नाही. शिवाय आमचं छतावरचं यंत्र जरा जास्तच दाखवतं म्हणतात. कोण म्हणतं? म्हणतात. चहा घेणार? थर्मासमध्ये आहे, गरम असेल असं मात्र समजू नका.

तुम्ही प्रत्यक्ष जाळ पाहिलाय कधी? कागदावरच ना? वाटलंच मला. लोकांना वाटतं आमचं काम आग विझवायचं. उन्हाळ्यात असतं तेही—पण थंडी सरता सरता आम्ही आगी लावतो, साहेब, सरकारी पगार घेऊन, रीतसर, तीन प्रतींत. गवतात थोडी ओल असते तेव्हाच ते आपल्या हातानं जाळून टाकायचं, चारी बाजूंनी जाळरेषा काढून—म्हणजे खरवडून मातीपर्यंत मोकळा केलेला पट्टा, आग तिथे येते आणि खायला काही नाही म्हणून बसकण मारते. मग उन्हाळ्यात खरा वणवा आला तरी त्याला त्या उतारावर काही मिळत नाही. सात विभागांचं जंगल, टेहळणीचे बारा मनोरे, आणि कुठे, कधी, किती जाळायचं हे ठरतं या टेबलावर. आणि या टेबलामागे बसते मी, जिच्या घरी काडेपेटी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे असते. सासूबाई म्हणतात, "बाहेर डोंगरच्या डोंगर पेटवून येतेस आणि मला चहासाठी स्टुलावर चढवतेस." मी स्टूल धरते.

थांबा, वायरलेस. हं मुकादम, बोला... हो, ऐकतेय... जाळरेषा पूर्ण, माणसं बावीस, पाण्याच्या टाक्या चार. छान. आधी चाचणीचा तुकडा लावा, सतरंजीएवढा, जास्त नको. धूर कुठे जातो बघा आणि सांगा. ओव्हर.

हे आमचे मुकादम. तीस वर्षं उतारावर काढली माणसानं, धूर नुसता हुंगून सांगतील खाली गवत जळतंय की झुडूप. आणि वायरलेसवरचं तुम्हाला सांगू का एक? नाही सांगत. बरं सांगते, तसंही सगळ्या विभागाला माहीत आहे. बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले तेव्हा पोरगी सहा महिन्यांची, पाळणाघरात जागा मिळेपर्यंत इथेच, या नकाशांच्या टेबलाखाली टोपलीत. एकदा झोपेना, म्हणून मांडीवर घेऊन गात बसले, आणि कोपर कुठे? वायरलेसच्या बटणावर. बारा मनोऱ्यांवर माझी अंगाई, साहेब, तीन कडवी, बेसूर. संपली. मग मनोरा नऊवरचा आवाज—"ऐकू येतंय, पुढचं कडवं सांगा, ओव्हर." तुम्ही हसलात! हसलात तुम्ही, मी पाहिलं. लिहा तेही.

कुठे होते मी? हां, वारा. म्हणजे बघा, आई झाल्यावर माणसाचं डोकं कसं होतं—रात्री उठून नाकाशी बोट धरायचं, श्वास आहे ना? आहे. मग परत पंधरा मिनिटांनी. ताप मोजायचा, आकडा पटला नाही तर दुसऱ्या तापमापकानं मोजायचा, त्याचाही पटला नाही तर नवऱ्याचा मोजायचा. आणि सकाळी तेच डोकं घेऊन इथे यायचं आणि आग लावायचा हुकूम द्यायचा. पहिली तारीख मला अजून आठवते, हवा अशी छान होती, धूर सरळ वर, सगळे तयार, मुकादम विचारतायत लावू का लावू का, वारा होता सात, आणि मी—

काय म्हणाले मी?

सात म्हणाले का? नाही, मी... हं. मी सात म्हणाले. तुम्ही मान खाली घालून लिहिलंतही. चपळ आहे हो तुमचं पेन.

बरं. लिहिलंय तर पूर्ण लिहा. वारा सात होता आणि मी चौदा लिहिला. छतावरच्या यंत्राला काही झालेलं नाही, बिचारं, त्याच्यावर उगाच आळ घेतला मी. दुसऱ्या वेळी नऊ. पुढचे आकडे आठवत नाहीत, पण बाराच्या वर एकही नव्हता. आणि मुकादमांच्या हातातही यंत्र असतं ना! उतारावर उभा राहून ते स्वतः सात बघतायत आणि मी इथून म्हणतेय चौदा. काय म्हणावं त्यांनी? "बरं, बाई. चौदा. ओव्हर." एवढंच. बावीस माणसं पहाटे चारला उठून आलेली, ती गुंडाळून घेऊन गेले. पाच वेळा. एकदाही वर कळवलं नाही. पाचव्या वेळी फक्त म्हणाले, "बाई, पोरगी बरी आहे ना?"

का म्हणजे? तो नकाशा बघा ना, तुमच्या मागे. हिरवा उतार, त्याच्या खाली वस्ती, आणि वस्तीतलं सगळ्यात वरचं घर, अगदी जंगलाला टेकलेलं, लाल पत्र्याचं—ते पाळणाघर. माझी पोरगी तिथे साडेदहाला झोपते. खिडकीपाशी. मी हुकूम द्यायला तोंड उघडायची आणि मला ती खिडकी दिसायची. एक ठिणगी उडाली तर? धूर आत गेला तर? मग चौदा. चौदा लिहिलं की कसं हलकं वाटायचं, तुम्हाला सांगते, भूक लागायची मला.

आणि मग या हिवाळ्यात एक दिवस तिला आणायला गेले तेव्हा मागच्या अंगाला ती बूट फेकून पळाली, तर मी तिच्यामागे त्या उतारावर चढले. गवत माझ्या कमरेपर्यंत. तिचं डोकंही दिसेना. दोन वर्षांचं वाळलेलं, हात लावला तर कडकड मोडतंय. मी नुसती हसायलाच लागले, साहेब, म्हणजे हसूच आलं—मी पाच वेळा खोटं लिहून ज्या पोरीला वाचवलं, तिच्याच उशाशी सगळ्या विभागातलं सगळ्यात चांगलं सरपण रचून ठेवलं होतं. माझ्याइतकं काळजीपूर्वक कुणी रचलं नसतं.

म्हणून ही अठरा पोरं इथे. आज परवानगीचा शेवटचा दिवस, उद्यापासून हंगाम बंद, आणि मला स्वतःचा भरवसा नव्हता. म्हटलं खिडकीच रिकामी करू. ताईंना म्हटलं सहल आहे. सरकारी कार्यालयात सहल! पण पोरांना खुर्च्या गोल फिरतात एवढं पुरलं. आणि तुम्ही आजच याल हे मला माहीत नव्हतं, पण आलात ते—थांबा.

बोला मुकादम... धूर सरळ वर जाऊन पूर्वेला झुकतोय, वस्तीपासून लांब. ज्वाळा गुडघ्याखाली. हं. हं... लावू का म्हणता. एक मिनिट द्या मला. ओव्हर.

साहेब, एक काम करा. त्या खिडकीजवळच्या डबीवर छतावरच्या यंत्राचा आकडा दिसतोय, तो तुम्ही वाचा. मी नाही बघत. मी बघितला की तो वाढतो. बोटांनी दाखवा. एक हात पूर्ण, आणि... तीन. आठ. नक्की? दुसऱ्यांदा बघा. आठ. चष्मा पुसून? आठच. बरं. हे बघा, लिहिते, सहावा रकाना, आठ. थोडा वाकडा आलाय, पण आठच आहे ना तो? वाचता येतो ना?

मुकादम, वारा आठ. हो, आठ. हसू नका, वायरलेसवर ऐकू येतं. लावा. खालच्या कडेनं सुरू करा, सावकाश. मी इथे आहे. ओव्हर.

लावली. आता तुम्ही उठा, साहेब. तुमच्या कागदावर 'कारण' असं लिहिलेल्या जागी वारा लिहू नका, माझं नाव लिहा आणि हवं ते करा, उद्या करा—आता दोन तास मला कुणाशी बोलायचं नाहीये, नुसतं ऐकायचंय. तो जुन्या नकाशांचा गठ्ठा घेऊन जा तिकडे, पोरांचे कागद संपले असतील. पिवळ्या मोज्यांची आहे ती माझी, तिला हिरवा खडू देऊ नका, ती खाते. आणि दार ओढून घ्या.

नको. उघडंच राहू द्या. आवाज येऊ दे.