तोलाची रेघ

...आणि वर पुन्हा भाचीचे संपादक मलाच विचारतात, 'मामासाहेब, रागावलात का?' नाही हो, मी रागावलेलो नाही! तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस रागावत नाही, फक्त आवाज चढवतो. पण झालं काय ते तरी ऐका!

माझी भाची कॉमिक्सची चित्रं काढते. उडणारे, भिंती फोडणारे, चड्डी पँटवरून घालणारे... तसले वीर. तर तिनं एक नवा वीर काढला. दिवसा बातमीदार, डावा पाय अधू, काखेत कुबडी आणि नाक थेट माझं! म्हणाली, "मामा, लहानपणापासून शोधतेय मी, या पुस्तकांत तुझ्यासारखं चालणारं कुणीच कसं नाही रे?" म्हटलं, "नाक जरा लहान कर."

पण तिचे संपादक! "कल्पना झकास आहे, फक्त बाविसाव्या पानावर वीज पडते आणि पाय बरा होतो, एवढं करा." भाची म्हणाली, कुबडी गेली तर मीही जाते. आता पोरीच्या नोकरीवर बेतल्यावर मी घरी बसू? गेलो. ऑफिस चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. लिफ्टवाला मात्र आहे हं, दारात स्टुलावर बसून वाचत असतो...

तर संपादक म्हणतात, "वाचकाला उडणारा लागतो हो!" म्हटलं, "उडू दे की! उतरताना कुबडी टेकेल." "पण मामासाहेब, अपंग पात्रं आहेत आमच्याकडे, दर अंकात! पान सहावर, जळत्या इमारतीत." "आणि तिथं ती करतात काय?" "वाचवली जातात." ऐकलंत? वाचवली जातात! अहो, मी पूर पाहिले, आगी पाहिल्या, दंगली पाहिल्या, मला एकदाही कुणी खांद्यावर टाकून नेलं नाही. उलट याच कुबडीचं टोक धरून एक मंत्री गटारातून वर आलाय, आणि दुसऱ्या दिवशी त्या गटाराची बातमी मीच... असो. तासभर बोललो. रागावलो नाही! टेबलावर कुबडी आपटली, ती फक्त मुद्दा ठसावा म्हणून. शेवटी म्हणाले, "बरं बाबा, राहू दे कुबडी!"

जिंकलो ना? मलाही तसंच वाटलं!

आता तिथली कामाची पद्धत ऐका. भाची पेन्सिलीनं काढते, शाईवाले काका त्यावर शाई फिरवतात, उरलेली पेन्सिल खोडतात आणि पानं थेट छापायला. वीर कुठं झुकलाय हे कळावं म्हणून चित्रकार एक तिरपी रेघ मारून ठेवतात, ती तोलाची रेघ. ती शेवटी खोडायचीच असते, पंचवीस वर्षं काका ती खोडतायत. तर काकांना वीराच्या काखेतून जमिनीपर्यंत गेलेली तिरपी रेघ दिसली... आणि काकांनी सगळ्या पानांवरून मन लावून खोडली!

अंक आला. वीर तिरका उभा, खांदा वर, मूठ आवळलेली, मुठीत हवा!

भाची रडवेली झाली. "काका, अहो, कुबडी होती ती!" "कुबडी? वीराला?" काका खरोखरच चकित. "पोरी, इतक्या वर्षांत मी एकाही वीराकडे पाहिली नाही गं. मला वाटलं, तुझी रेघ राहून गेली." आता या माणसावर काय रागवायचं, सांगा!

आणि मग वाचकांची पत्रं! 'काय ही शक्ती! हा वीर नुसत्या हवेवर टेकून उभा राहतो!' संपादक हरखलेत. "आता कुबडी आणली तर वाचक हिरमुसतील हो!" बघा म्हणजे, बत्तीस वर्षं कुबडी घेऊन गावभर फिरलो, तेव्हा मी बिचारा. कुबडी पुसली, लगेच महानायक! भाची हट्टाची, पुढच्या अंकात कुबडी सुरुवातीलाच शाईनं काढतेय. म्हणते, आता खोडून दाखवा!

तिच्या बाजूनं भांडायला आज परत गेलो. लिफ्ट बंद. लिफ्टवाल्यानं हातातला अंक खाली केला, अंकातलं नाक पाहिलं, माझं नाक पाहिलं, आणि ताडकन उठून सलामच ठोकला!

"साहेब, तुम्हाला कशाला हवी लिफ्ट? तुम्ही हवेवर टेकत जाल! ती काठी ठेवा इथंच, मी सांभाळतो."

...चार मजले चढलो. काठीसकट. रागावलो नाही.