चकती फिरतेय तोवर

...मळभ होतं हो त्या दिवशी. पाऊस नाही, ऊन नाही, वारासुद्धा नाही — दोरीवरचे कपडे नुसते लोंबत होते. ‘आत काय चालू आहे’ असं विचारलंत ना मघाशी, तेच सांगतोय. मीटर बदलायला आलात, बदला की. घाई नाही ना? स्टूल नीट धरा, एक पाय आखूड आहे त्याचा. रोज त्याच्यावरच बसायचो मी, इथेच, दाराबाहेर, मीटरसमोर.

शाळेत गेलो नाही मी. इस्त्री केली जन्मभर. जे काही कळतं ते हिच्यामुळे — ही बायको माझी, पंख्यांच्या मोटारी भरायची कारखान्यात, तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून बोटं तासल्यासारखी झाली होती. ती सांगायची, तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली की त्याचा चुंबक होतो, वीज गेली की पुन्हा नुसती तार. मी म्हटलं, मग ही मीटरमधली चकती कशी फिरते? ॲल्युमिनियमची आहे, चुंबकाला चिकटतसुद्धा नाही. तर म्हणाली, चिकटायला कशाला हवं, वेटोळ्यांचे चुंबक हात न लावता ढकलतात तिला. आणि तो बाजूचा, घोड्याच्या नालेसारखा, तो कायमचा चुंबक — तो आवरतो. तो नसला तर वीज गेली तरी चकती आपली फिरतच राहील, खोटी. आणि हसायची — अहो, तुमची इस्त्री लागली की बघा कशी पळते, दारात सासू दिसल्यासारखी!

मग हिची छाती बिघडली. ते श्वासाचं मशीन आणलं, त्यातही मोटारच. मला ऐकू कमी येतं, मशीनची घरघर कळायची नाही. आणि आत बसवायचं नाही — का? असंच. बसवायचं नाही. मग घरातलं बाकी सगळं बंद करायचो, दिवा, पंखा, सगळं, आणि इथे येऊन बसायचो. चकती फिरतेय म्हणजे मशीन चालू. मशीन चालू म्हणजे हिचा श्वास चालू. सोपा हिशेब. ती काळी खूण आहे ना कडेला, ती समोर यायची, जायची, यायची...

आता? आता तेच चालू आहे आत. मशीनच. नाही, कोणी नाही आत. बंद करायचं राहिलं. राहिलं म्हणजे — केलं नाही. नव्या मीटरात चकती नसते म्हणता? नुसता दिवा लुकलुकतो? बरं.

पाडा तुम्ही मेन स्विच. माझ्याकडे नका बघू, मी चकतीकडे बघतो.

...थांबली. बघा, जराही पुढे गेली नाही. आवरणारा चुंबक चांगला आहे अजून.

काढा आता. रडत नाही हो मी, तेव्हाही नाही रडलो. त्या दिवशी शेजारीण हिला बघायला आत गेली, बाहेर आली. तिने तोंड उघडायच्या आधी मीच म्हटलं, सगळं ठीक आहे, ही बघ, फिरतेय चकती. ती मीटरकडे बघत राहिली. मग खाली बसली माझ्या पायाशी, आणि कानाजवळ तोंड आणून म्हणाली, “काका, चकती मशीनमुळे फिरतेय हो. काकूंमुळे नाही.”