हिरवी सुई

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत शाळेतल्या बाई गॅरेजच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक नवराबायको, आणि समोर त्यांच्या मोटरसायकलची उतरवलेली, रिकामी केलेली टाकी.

“आत पडलंय काय, काका?” मेकॅनिकने विचारलं.

“क्रोशाची निळी सुई. ॲल्युमिनियमची.”

“माझी! पेट्रोल किती आहे ते सुई बुडवून बघतात. काटा चालू आहे हो गाडीचा, पण ह्यांचा विश्वास नाही काट्यावर.”

“मी काढायला लोहचुंबक सोडला होता दोरीने.”

“काका, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटतो होय? तो टाकीलाच चिकटून बसलाय.”

“तरीच दोरी तुटली.”

“एक काढायला गेले आणि दुसरं घालून आले!”

मेकॅनिकने टाकी उलटी धरून आत तारेचा आकडा फिरवला.

“ही घ्या निळी. आणि ही हिरवी.”

“हिरवी?”

बायकोने ती हातात घेऊन नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, हिरवी वन्संनी नेली म्हणून मी तुमच्या सख्ख्या बहिणीला चारचौघांत चोर ठरवलं! तुम्हाला माहीत होतं?”

“सांगणारच होतो. तोवर तू बोलून मोकळी झालीस. म्हटलं, मिटला विषय.”

“मिटला? वर्ष झालं, त्यांनी आपली पायरी चढलेली नाही!”

“मी करतो ना फोन.”

“वर्षभर मूग गिळून बसलात, आताही बसा. आणा तो फोन इकडे.”

बाईंची स्कूटर केव्हाच तयार झाली होती. त्या उठल्या नाहीत.

“वन्सं? मी बोलतेय. ठेवू नका हं फोन.”