सा लिहिलेला कागद

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या गावचे प्रमुख मताई तुईलोमा, आदरणीय पाद्रीसाहेब, राजधानीहून बोटीचा त्रास सोसून आलेले शाळा तपासणीचे साहेब, महिला समितीच्या मोएलागीबाई, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या फुआतिनोबाई, आणि चटयांवर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी शाळेचा राखणदार पेलेनातो. मला पाच मिनिटं दिली आहेत. भट्टीतलं डुक्कर थंड होतंय, हेही मला सांगून झालंय. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यामुळे शब्द मागेपुढे होतील. तो पंखा जरा बंद करता का कोणी? माझा कागद उडतोय. आणि आज कागद उडून चालणार नाही.

फुआतिनोबाईंनी तेरा वर्षं आपल्या मुलांना गणित आणि कॉम्प्युटर शिकवला. त्या उद्या सकाळच्या बोटीने आईला घेऊन आपियाला आणि तिथून विमानाने ऑकलंडला भावाकडे जाणार. आपण त्यांना बारीक विणीच्या चार चटया दिल्या. चटया सुंदर आहेत. पण बाई का जातायत, हे आतापर्यंतच्या सहा भाषणांत कोणी बोललं का? मी मोजत होतो. कोणीच नाही.

आपल्या शाळेच्या ऑफिसातला तो जुना कॉम्प्युटर सगळ्यांना माहीत आहे. राजधानीहून त्सुनामीच्या लाटेचा इशारा आला की तो आधी त्या कॉम्प्युटरवर येतो आणि मग टेकडीवरचा भोंगा वाजतो. मागच्या वर्षी आपण सराव घेतला. इशारा आल्यापासून भोंगा वाजेपर्यंत अकरा मिनिटं गेली. आठवतंय? मुलं कंटाळून घरी जेवायला गेली होती. तुम्ही सगळे हसलात. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी भावाकडून एक प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, मागवला. वापरलेला, पण आपल्या जुन्यापेक्षा कितीतरी वेगाचा. मोज्यात गुंडाळून, बिस्किटांच्या डब्यातून आला. मी म्हटलं, "बाई, लावून टाका की मग. जुना काढायचा, नवा बसवायचा."

त्या म्हणाल्या, "पेले आजोबा, शाळेच्या दारात नवा माणूस आला आणि तुमच्या यादीत त्याचं नावच नसलं, तर तुम्ही त्याला आत सोडता का?"

"मुळीच नाही. तपासणीच्या साहेबांनासुद्धा सोडलं नव्हतं." माफ करा साहेब, पण तुम्ही त्या दिवशी ओळखपत्र विसरला होतात.

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. "यंत्र जागं होताना अशीच एक यादी वाचतं. तिला फर्मवेअर म्हणतात. आपली यादी फार जुनी आहे, तिच्यात या प्रोसेसरचं नाव नाही. जुना आत असतानाच आधी यादी नवी लिहायची, मग नवा बसवायचा. आणि लिहिणं चालू असताना वीज जाता कामा नये. अर्धी यादी लिहून राहिली तर यंत्राला स्वतःचंच नाव आठवणार नाही."

वीज गेली तर यंत्र चालू ठेवणारा बॅटरीचा डबा होता, पण तो दोन वर्षांपूर्वीच फुगून मेला होता. बाईंनी वीज कंपनीला फोन करून विचारलं, आज तुम्ही तारा दुरुस्त करणार नाही ना? इतकी काळजी त्यांनी घेतली होती. हे नंतर गावच्या सभेत कोणी विचारलंच नाही.

लिहिणं सुरू व्हायला संध्याकाळ झाली. वीस मिनिटांचं काम. तेवढ्यात प्रार्थनेचा पहिला शंख वाजला. बाईंची आई अंथरुणाला खिळलेली, घरात प्रार्थना सांगायला दुसरं कोणी नाही. बाईंनी कॉम्प्युटरच्या स्विचवर कागद चिकटवला आणि त्या घरी गेल्या. कागदावर मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता. सा.

आता तुम्हीच सांगा. आपल्या भाषेत हात लावायचा नाही तेही सा, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ तीही सा. रोज पहिल्या शंखाला मी शाळेचे दिवे बंद करतो, पंखे बंद करतो. तो एक कॉम्प्युटर मात्र कधीच बंद करत नाही, कारण भोंगा त्याच्यावर चालतो. तेरा वर्षांत मी त्या स्विचला बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी स्विचवर कागद दिसला. मला वाटलं, बाईंनी मला निरोप ठेवलाय की आजपासून हाही प्रार्थनेच्या वेळी बंद करा. पडद्यावर एक पांढरी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. अर्ध्याच्या थोडी पुढे आली होती. मी ती पाहिली, पण यादी लिहिणं ते हेच, हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि स्विच खाली ओढला.

थांबा. मला बोलू द्या. मोएलागीबाई, तुम्ही नंतर ओरडा.

तिसरा शंख वाजला, प्रार्थना संपली, तेव्हा मी स्विच वर केला. आतला पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. मी दहा वेळा केलं. मग मी तो कागद काढून खिशात घातला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. मी दाराशी उभा होतो. तुईलोमासाहेब, तुम्ही म्हणालात, "चालत्या यंत्राचं पोट फाडायला कोणी सांगितलं होतं?" बाई म्हणाल्या, "मध्येच वीज तुटली." वीज कंपनीने कळवलं, तुटली नाही. बाई म्हणाल्या, "मी कागद लावला होता." तुम्ही म्हणालात, "मग दाखवा." पाद्रीसाहेब, तुम्ही म्हणालात, "मुली, चूक केलीस ती केलीस, वर खोटं तरी बोलू नकोस." तेव्हा कागद माझ्या या खिशात होता. बाई माझ्याकडे बघत होत्या, पण संशयाने नाही. यंत्र बंद पडलं म्हणून मलाही वाईट वाटत असेल, असं त्यांना वाटत होतं.

हा तो कागद. अध्यक्षसाहेब, हातात घ्या. अक्षर कोणाचं आहे ते शाळेतलं कुठलंही मूल सांगेल.

माझं काय करायचं ते सभेने ठरवावं. पण एक गोष्ट आजच ठरवायला हवी. ते यंत्र मेलेलं नाही. बाई सांगतात की आत नखाएवढी एक चिप असते. ती काढायची, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तिच्यात यादी पुन्हा लिहायची आणि परत बसवायची. लिहिण्याचं छोटं उपकरण भावाने पाठवलं, ते मागच्या गुरुवारी आलंय. तीन तासांचं काम. पण सभेचा हुकूम आहे की बाईंनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. दुसऱ्या कोणाला ते काम येतं का? हात वर करा. बघा.

नऊ आठवडे झाले, आपल्या गावाला भोंगा नाही. मंगळवारी जमीन हलली, कपाटातल्या बश्या वाजल्या. शुक्रवारी पुन्हा हलली. आज पहाटे विहिरीचं पाणी गढूळ आलं. तुम्ही म्हणाल, म्हातारा घाबरट आहे. आहेच. मी आयुष्यभर घाबरत आलो. पण आपण सगळे आपापल्या घरात एकाच भरवशावर झोपतो, की काही झालं तर भोंगा वाजेल. तो वाजणार नाही.

खोलीची किल्ली माझ्याकडे असते. ती मी या टेबलावर ठेवतो. बाईंना द्यायची की उद्या बोटीवर बसवायचं, ते तुमच्या हातात. फुआतिनोबाई, तुमची माफी मागायला मला तोंड नाही. चौथीतल्या मुलासारखा उभा आहे.

तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे आभार. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर पदरात घ्या. बाकीचं जे चुकलं, ते पदरात घेऊ नका.

आता मला जायची परवानगी द्या. त्या दिवसापासून शाळेचं काम सोडून उरलेला सगळा वेळ मी खडकावर बसून असतो, शेजारी बडवायला रिकामी गॅसची टाकी आणि हातात लोखंडी सळई घेऊन. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, उजव्याने पाहतो. गेले नऊ आठवडे या गावाचा भोंगा तेवढाच आहे. आणि मी इथे बोलतोय, तोवर समुद्राकडे कोणीच बघत नाहीये.